कुत्र्यापासून सावधान

पाटी दिसली की ती वाचल्यावाचून मला पुढे जाववत नाही. मराठीचा अध्यापक असल्यामुळे असेल, पण दुकानावरची, दवाखान्यावरची, रिक्षाच्या पाठीवरची, कुठलीही पाटी असो. माझी पावले अडखळतात आणि मी मनातल्या मनात ऱ्हस्व-दीर्घ तपासू लागतो. आमच्या कॉलनीत पंधरा-सोळा बंगले आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांच्या तरी फाटकावर 'कुत्र्यापासून सावधान' अशी पाटी आहे. एका ठिकाणी 'कुत्र्यापासुन' असे लिहिले आहे. त्या फाटकासमोरून जाताना मला कुत्र्यापेक्षा त्या 'सु'चीच अधिक भीती वाटते!

या सगळ्या पाट्यांत एक गोष्ट मात्र सारखी. त्यांची तोंडे रस्त्याकडे असतात. धोका असेल तो येणाऱ्याजाणाऱ्याला. घरातल्या माणसांना आपल्याच कुत्र्याची कसली आली आहे भीती?

आमच्या गावाकडच्या घरी अशीच एक पाटी आहे, पण ती आतल्या बाजूला आहे. माजघराच्या दाराला, कडीच्या बरोबर वर. पाटी म्हणजे अगदी पाटीच. माझ्या पुतण्याची शाळेतली जुनी पाटी. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने एकच शब्द लिहिलेला आहे : 'सावधान'. नवा पाहुणा ती वाचून हसतो. पूर्वी मीही हसलो असतो. आता माझा हात आधी कडीकडे जातो.

आमचे गाव जांब समर्थ. जालना जिल्ह्यातला घनसावंगी तालुका. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. 1608 सालच्या रामनवमीला नारायण सूर्याजी ठोसर नावाचे मूल इथे जन्मले, आणि वयाच्या बाराव्या वर्षी बोहल्यावर उभे असताना 'सावधान' हा शब्द कानी पडताच खरोखरच सावध होऊन पळून गेले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. आम्हां जांबकर पोरांना तर ती कुणी मुद्दाम सांगावी लागत नाही. लग्नाची गोष्ट निघाली की एखादा म्हातारा हमखास विचारतो, ''पळणार तर नाहीस ना?'' अशा गावात वाढलेल्या माणसाने बेसावध राहावे, आणि तेही दोन मुक्या जनावरांच्या बाबतीत, याची मला अजून लाज वाटते.

गावी आई, दादा, वहिनी आणि पुतण्या असतात. थोडी कोरडवाहू जमीन आणि मोसंबीची बाग. मी शिक्षणासाठी म्हणून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो तो तिथेच नोकरीला चिकटलो.

घरात कुत्रे प्रथम आणले ते मीच. आमच्या शेजाऱ्यांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपली पांढरी, केसाळ चिंगी आमच्या हवाली केली. वजन सहा किलो, पण तोरा फौजदाराचा. आमच्या दोन खोल्यांत तिचे बस्तान बसेना, तेव्हा एका सुट्टीत मी तिला जांबला नेऊन सोडले. ''कुत्रं घरात कशाला रे?'' असे आई म्हणाली. पंधरा दिवसांनी फोन केला तेव्हा चिंगी आईच्या बाजेच्या पायथ्याशी झोपत होती, आणि पहिल्या भाकरीचा पापुद्रा तिच्या वाट्याचा ठरला होता.

पुढे 2022 च्या ऑगस्टमध्ये गावाला मान खाली घालायला लावणारी गोष्ट घडली. समर्थांच्या घरच्या देवळातल्या मूर्ती रात्रीतून चोरीला गेल्या. त्या सापडेपर्यंत दिवाळी येऊन ठेपली होती. तोवर गावातल्या माणसांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. दादा म्हणाला, ''जिथं देवच राखता आले नाहीत, तिथं आपली विहिरीवरची मोटार काय राहणार!'' आणि त्याने बागेच्या राखणीसाठी एक पिल्लू आणले. कारवानी जातीचे. त्याचे नाव ठेवले बाजी.

कारवानी कुत्रे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी घोडा आणि हरीण यांच्यामधले काहीतरी डोळ्यांपुढे आणावे. लांब तोंड, उंच पाय, आत ओढलेले पोट. काफिल्यांबरोबर आलेले म्हणून कारवानी, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. याच कुळीतले मुधोळ हाउंड. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी या वाणाला आसरा दिला आणि त्यांची जोडी इंग्लंडच्या राजाला, पंचम जॉर्जला, नजर केली. 2005 साली आपल्या टपालखात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांतही मुधोळ हाउंडला मान मिळाला. ही कुत्री वासावर माग काढण्यापेक्षा नजरेने शिकार हेरतात. दूरवर काही पळताना दिसले की बाण सुटावा तशी सुटतात आणि पळणाऱ्याला पकडून झटकतात. पिढ्यान् पिढ्या माणसाने त्यांना याच एका कामासाठी निवडून वाढवले. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, पण कायदा माणसाने वाचला. कुत्र्याच्या रक्ताला तो कोण वाचून दाखवणार?

हे सारे मी नंतर वाचले. आधी वाचले असते तर फार बरे झाले असते.

बाजी घरात आला तेव्हा चिंगीपेक्षा लहान होता. चिंगीने पहिल्याच दिवशी त्याला कायदा शिकवला. तिच्या वाटीकडे त्याने पाहायचे नाही, बाजेखाली यायचे नाही, आईच्या पदराशी खेळायचे नाही. तो चुकला की ती भुंकून त्याला कोपऱ्यात बसवी. पुढे दीड वर्षात बाजी ताडमाड वाढला. पुतण्याने त्याला धान्याच्या काट्यावर उभे केले तर सव्वीस किलो भरला. तरी चिंगी भुंकली की तो कान पाडून मागे सरे. आम्ही पोट धरून हसत असू. धाकटीचा दरारा पाहा, असे म्हणत असू.

मला तर या जोडीने वेडच लावले. स्टाफरूममध्ये मी त्यांच्या गोष्टी सांगे. वर्गात एकदा मी त्यांच्यावरून चक्क एक छोटेसे व्याख्यान ठोकले. प्रेम असले म्हणजे थोर-लहान हा भेद उरत नाही, असा काहीसा त्याचा मथितार्थ होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अध्यापकाला टाळ्या मिळाल्या की त्याची आपल्या विधानावरची श्रद्धा उगाच वाढते.

2024 च्या दिवाळीत आम्ही सगळे जांबला होतो. लक्ष्मीपूजनाची दुपार. स्वयंपाकघरात करंज्यांचा घाणा चालू होता. गल्लीत पोरांनी फटाके सुरू केले होते. आईने आतून सांगितले, ''बाजीला गोठ्यात बांध रे, फटाके वाजायलेत.''

मी 'हो' म्हणालो. पण माझ्या डोक्यात निराळेच शिजत होते. बाजी आणि चिंगी एकाच ताटात खात आहेत असा एक फोटो मला हवा होता. सहकाऱ्यांना पाठवायला दिवाळीचे भेटकार्ड म्हणून! मी दोघांना ओसरीवर आणले, मध्ये एका ताटलीत एक करंजी ठेवली आणि माझ्या मुलीला म्हणालो, ''काढ पटकन.''

एक करंजी, दोन कुत्री. मराठीचा अध्यापक असलो तरी एवढे गणित मला यायला हवे होते.

तेवढ्यात दारातच लवंगी फटाक्यांची माळ कडाडली. चिंगी किंचाळली आणि बाजीच्या तोंडासमोरून सुसाट पळत सुटली. पुढचे मला अजून नीट आठवत नाही आणि विसरताही येत नाही. बाजीने तिला पाठीत धरले. वर उचलले. एकदा झटकले, पुन्हा झटकले. मुलगी ओरडली, मी ओरडलो, मी मध्ये हात घालणार तोच कुणीतरी मला खांद्याने बाजूला ढकलले. आई होती. ती ओरडली नाही. दोरीवरची घोंगडी ओढून तिने बाजीच्या तोंडावर टाकली आणि वहिनीने पाण्याची अख्खी बादली वर रिती केली. बाजीने तोंड सोडले.

नंतर जे दिसले ते मला अधिक भयंकर वाटले. ओलाचिंब बाजी घोंगडीखालून बाहेर आला आणि शेपूट हलवू लागला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. खून चढलेला नव्हता. काय झाले, सगळे असे का पाहतात, एवढेच त्याला कळत नव्हते. आणि खाली चिंगी कुशीवर पडली होती.

दादाने तिला चादरीत गुंडाळून मोटारसायकलवर मांडीशी घेतले, मी मागे बसलो आणि तालुक्याला गेलो. सणाचा दिवस, तरी डॉक्टर ताटावरून उठून आले. मला वाटले, जखम किरकोळ आहे. पांढऱ्या केसांत फक्त दातांची चार छिद्रे दिसत होती. डॉक्टर म्हणाले, ''छिद्रावर जाऊ नका. लहान कुत्र्याला मोठ्याने धरून झटकलं की वरून टाचणीएवढं दिसतं आणि आत सगळं फाटलेलं असतं.'' तसेच निघाले. स्नायू फाटला होता, एक बरगडी मोडली होती. नशीब एवढेच की दोघांचीही लस वेळेवर टोचलेली होती.

मी म्हणालो, ''डॉक्टर, इतकी मैत्री होती हो दोघांची.''

ते म्हणाले, ''मैत्री खोटी नव्हती, सर. पण हे भांडणही नव्हतं. भांडणात राग असतो. ही शिकार. लहान काहीतरी किंचाळत पळालं, आणि त्याच्या आतली कळ दाबली गेली. त्या क्षणी त्याच्यापुढं चिंगी नव्हती, ससा होता.'' आणि थांबून म्हणाले, ''सव्वीस आणि सहा किलो. नुसत्या खेळात पाय पडला तरी हाड मोडेल. तुम्ही रोज तीनशे किलोच्या गोऱ्ह्याबरोबर पकडापकडी खेळाल का?''

चिंगी तीन रात्री तिथेच होती. त्या रात्री आमच्या घरी लक्ष्मीपुढे दिवा लागला, पण करंजीला कुणी हात लावला नाही.

जेवणानंतर दादाने विषय काढला. बाजीला कुणाला तरी देऊन टाकू म्हणाला. मी लगेच दुजोरा दिला. 'क्रूर जनावर' असा शब्दही माझ्या तोंडून गेला. माझी मुलगी माझ्याकडे नुसती पाहत राहिली. आई भांडी आवरत होती. तिने मान वर न करता विचारले, ''सोडलं कुणी त्याला?''

मी गप्प.

''करंजी कुणी ठेवली?''

मी आणखी गप्प.

''मग क्रूर कोण रे बाबा? त्याला कळत न्हाई म्हणून तर तो जनावर. आपल्याला कळतं म्हणून आपण मालक.'' मग दादाकडे वळून म्हणाली, ''दोघंबी घरातच राहतील. पण आता आपण नीट राहायचं.''

'नीट राहायचं' म्हणजे काय, हे तिने डॉक्टरांना खोदून खोदून विचारले आणि महिनाभरात घराची घडीच बदलली. चिंगी घरी आल्यावर प्रथम दोघांची तोंडे एकमेकांना दिसूच दिली नाहीत. माजघर आणि वरचे अंगण चिंगीचे, पडवी आणि गोठा बाजीचा. मध्ये दोन दारे. एक उघडायचे तर दुसऱ्याला कडी आहे ना हे आधी पाहायचे. एक कडी विसरली तरी दुसरी राखते, हे तिचे शास्त्र. तेव्हाच ती पाटी माजघराच्या दारावर चढली. 'कुत्र्यापासून' हा शब्द पुतण्याने लिहायला घेतला होता, आईने थांबवले. ''नुसतं सावधान लिही. कुत्र्याची चूक न्हाई.''

जखम भरल्यावर गाठीभेटी सुरू झाल्या, पण घरात नाही. घर हे चिंगीला तिचे वाटते आणि बाजीला त्याचे. म्हणून दोघांना बागेच्या वाटेवर न्यायचे. दादाच्या हातात बाजीची दोरी, पुतण्याच्या हातात चिंगीची. समोरासमोर आणायचे नाही. दोघांनी एकाच दिशेने चालायचे, मध्ये पंधरा-वीस पावलांचे अंतर. आठवड्यामागून आठवडे गेले तसे ते अंतर कमी होत गेले. सुरुवातीला बाजीच्या तोंडाला जाळीचे मुसके असे. मला ते पाहवेना. मी म्हणालो, ''कसं दिसतं गं ते!'' आई म्हणाली, ''खळ्यावर बैलाला मुसकं घालतो ते काय बैल वाईट असतो म्हणून?''

बाजी 'बस' आणि 'सोड' हे दोन शब्द शिकला. चिंगीलाही तिच्या फौजदारीतून निवृत्त करण्यात आले. ती त्याच्यावर भुंकू लागली की पूर्वी आम्ही हसायचो. आता तिला हाक मारून आत बोलावतो. लहानाने मोठ्याची खोडी काढावी आणि आपण कौतुक करावे, हा खेळ लहानाच्याच जिवावर बेततो. जेवणे दोन खोल्यांत, दोन वेळांना. वाट्या लगेच उचलायच्या. हाडूक कुणालाच नाही. बाजी जवळ असताना चिंगीला कडेवर घ्यायचे नाही, कारण वर धरलेल्या वस्तूवर झेप घ्यावी असे त्याला वाटणारच. चिंगीसाठी बाजेखाली फळ्या ठोकून एक बोळकांडे केले आहे. तिचे अंग मावेल, बाजीचे तोंडही शिरणार नाही एवढेच. दिवाळीत आणि पोळ्याला बाजी गोठ्याच्या मागच्या खोलीत, रेडिओ लावून. आणि सगळ्यांत मोठा नियम : मोठे माणूस नजर ठेवून बसलेले नसेल तेव्हा दोघे एकत्र नाहीत. पाच मिनिटेसुद्धा नाहीत. 'आता काही होत नाही' असे म्हणायची आमच्या घरात बंदी आहे.

मी शहरात परतल्यावर पुस्तके धुंडाळू लागलो. अपराधी माणसाला वाचनाचा मोठा आधार असतो. दीड-दोन किलोचा चिवावा आणि साठ-सत्तर किलोचा ग्रेट डेन ही दोन्ही एकाच जातीची जनावरे आहेत. जमिनीवरच्या दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्यात एका जातीत थोर-लहानाचे एवढे अंतर नाही. 2007 साली शास्त्रज्ञांनी दाखवले की लहान चणीच्या कुत्र्यांच्या बुटकेपणामागे बऱ्याच अंशी एकाच जनुकातला बदल आहे. तो बदल हेरून माणसाने ती लहान केली. आपल्या मांडीवर मावावीत म्हणून. मोठी केली ती आपली राखण करावी म्हणून. दोघांना एका ओसरीवर आणले तेही आपणच. मग मधली कडी लावण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची असणार?

एक गोष्ट मात्र पुस्तकात नव्हती. घरात मी सर्वांत धाकटा. मला शिकवण्यासाठी दादाने दहावीनंतर शाळा सोडली आणि नांगर धरला. मी प्राध्यापक झालो, चार लोकांत बोलू लागलो, आणि गावी आलो की मोसंबीपासून मोटारीपर्यंत सगळ्यांवर मते देऊ लागलो. काही वर्षांपूर्वी वाटणीचा नव्हे, साध्या हिशेबाचा विषय निघाला असताना मी हसत हसत म्हणालो होतो, ''दादा, तुला यातलं कळत नाही.'' माझ्या मनात राग नव्हता. दादा त्यानंतर दोन दिवस जेवला नाही, हे मला पुढे वहिनीकडून कळले. आपले वजन वाढले आहे हे बाजीला कळले नव्हते; मला तरी कुठे कळले होते? आमचे प्रेम खरे होते. पण प्रेम खरे आहे एवढ्यावर लहानाचा जीव सुरक्षित राहत नाही. मोठ्याला आपले वजन ठाऊक असावे लागते. आणि ते ज्याला कळणे शक्यच नाही, त्याच्या वतीने ते दुसऱ्या कुणाला तरी रोज, न कंटाळता, ठाऊक ठेवावे लागते.

वर्गात आता मी ते व्याख्यान देत नाही.

चिंगी अजून मागच्या डाव्या पायाने किंचित लंगडते. संध्याकाळी आई बाजेवर बसते, चिंगी तिच्या पायाशी असते, आणि पलीकडे पडवीत दोरीने बांधलेला बाजी पुढच्या पायांवर तोंड टेकून दोघींकडे पाहत असतो. दादा मध्ये सुपारी कातरीत बसलेला असतो. त्याचे लक्ष सुपारीकडे आहे असे वाटते. पण चिंगीने कूस बदलली तरी त्याचा अडकित्ता थांबतो.

गावी गेलो की मी पूर्वी आधी आईच्या पाया पडत असे. आता आधी मागे वळून दाराला कडी लावतो, ओढून पाहतो आणि मग वाकतो. आईला त्यात काही गैर वाटत नाही.

कडी लावताना ती पाटी डोळ्यांसमोर येतेच. सवयीप्रमाणे मी ती तपासतो. 'सावधान' या शब्दात ना इकार, ना उकार. ऱ्हस्व-दीर्घाची चूक करायला त्यात जागाच नाही. आमच्या गावचा हा शब्द लिहिताना कुणी चुकत नाही. चुकतो तो वाचणारा.